सहावी रांग, मधली खुर्ची

निकानोर ह्रेन्युक आंधळा आहे हे विमान कंपनीला माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर कंपनीच्या माणसांनी असे काही चेहरे केले की जणू तो तोरिनोच्या विमानतळावर पाय ठेवल्यावरच आंधळा झाला. त्याच्या मुलीनं तिकिटं काढताना कळवलं होतं. मग फोन करून पुन्हा कळवलं होतं. फोनवरच्या मधाळ आवाजाच्या पोरीनं "आईंना वडिलांच्या शेजारीच बसवलं जाईल, अगदी निश्चिंत राहा" असंही सांगितलं होतं. मुलगी निश्चिंत राहिली. तिथंच चुकलं.

निकानोर आणि त्याची बायको सावेता दोघं आमच्याच गावचे. निकानोर पियानो सुरात लावून द्यायचा. आमच्याकडं पियानो होते किती? एक शाळेत, एक सांस्कृतिक भवनात आणि बाकीचे अशा घरांत की जिथं त्यांच्यावर फक्त लग्नाचे फोटो मांडलेले. पण जे होते ते सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. तिशीत त्याची दृष्टी गेली. सावेतानं त्याच्याशी लग्न केलं ते त्यानंतर, उघड्या डोळ्यांनी. तेव्हा लोक तिला वेडी म्हणाले. ती पावाच्या कारखान्यात कामाला होती, आणि लोक काय म्हणतात ते ऐकायला तिला भट्टीपुढं वेळ नव्हता.

ती दोघं तोरिनोला आली होती नातीला बघायला. निकानोरनं तिला हातांनी बघितलं आणि नाक सावेतावर गेलंय असा निकाल दिला. आता ईस्टर घरी करायचा म्हणून परत निघाली होती. मीही त्याच विमानात होते. मी तासिया. तोरिनोमध्ये माझं केस कापायचं दुकान आहे, आणि ईस्टरला मी घरी जातेच.

ईस्टरच्या आधीचं रोमानियाला जाणारं विमान ज्यानं पाहिलं नाही त्यानं माणूस पुरता पाहिला नाही. अर्धी इटली पिशव्यांत भरून चाललेली असते. चीजचे गोल, कॉफीची पाकिटं, बूट, एकाकडं तर कॉफीचं अख्खं यंत्र. प्रत्येकाची जागा ठरलेली, तरी रांगेत अशी रेटारेटी की जणू पुढं जाणाऱ्याला विमान चालवायला मिळणार आहे. आणि हे सगळे उपासाच्या शेवटच्या आठवड्यातले पुण्यवान लोक. कोपरानं ढकलतात आणि वर "देव क्षमा करो" म्हणतात.

त्या दिवशी कंपनीनं विमान बदललं. मोठं यायचं ते धाकटं आलं. का, तर तांत्रिक कारण. हे उत्तर मोठं सोयीचं असतं. त्याच्या पुढं प्रश्नच विचारता येत नाही. मग कंपनीच्या यंत्रानं जागा नव्यानं वाटल्या. ज्यांनी जागेसाठी जादा भरले होते त्यांना हलवलं नाही. बाकीच्यांना डाळीसारखं पाखडून दिलं. एका बाईची जुळी दोन टोकांना गेली. निकानोर सहाव्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. सावेता शेवटच्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, माझ्या शेजारी.

सावेतानं हे काउंटरवरच्या मुलीला दाखवलं. मुलगी म्हणाली, "विमानात सांगा, ते बघतील."

विमानात राझ्वान नावाचा स्टुअर्ड होता. केस असे चापून बसवलेले की माझ्या धंद्याच्या डोळ्यांनाही दाद द्यावीशी वाटली. आमच्याच मुलखाचा पोरगा, पण बोलायचा असा की जणू मिलानमध्येच जन्मला. तो म्हणाला, "हे काउंटरवर सांगायला हवं होतं."

"सांगितलं," सावेता म्हणाली. "तिनं तुझ्याकडं पाठवलं."

"बाई, विमान भरलेलं आहे. जागा बदलायच्या असतील तर प्रवाशांनी आपापसात बघावं. आम्ही कुणावर सक्ती करत नाही."

मग आपापसात बघायला सावेता सहाव्या रांगेपाशी गेली. मी तिच्या मागं गेले. एक तर मला ती आवडते, आणि दुसरं म्हणजे असल्या ठिकाणी एखादी तोंडाळ बाई सोबत असलेली बरी.

निकानोरच्या एका बाजूला, खिडकीशी, ऑक्टावियान प्लेतोसु बसला होता. आमच्या जिल्ह्यात कुठल्याशा सांस्कृतिक खात्याचा उपसंचालक. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. दुसऱ्या बाजूला, वाटेकडच्या खुर्चीवर, त्याची बायको झेनोविया. म्हणजे नवरा खिडकीशी, बायको वाटेला आणि मधे परका माणूस. हे का, ते मला लगेच कळलं. काही शहाणे लोक मुद्दाम अशी दोन टोकं घेतात. मधल्या खुर्चीला कोण जाणार, ती रिकामीच राहील, म्हणजे एका खुर्चीची चोरी फुकटात. त्या दिवशी चोरी साधली नाही. मधे आंधळा पियानोवाला येऊन बसला. तर ही जोडी त्याच्या मांडीवरून सलामीचा, म्हणजे सुकवलेल्या मांसाच्या चकत्यांचा, डबा इकडून तिकडं करत होती. पवित्र आठवड्यात सलामी. तो सांस्कृतिक खात्यातला, त्यामुळं चालत असेल.

सावेता हळू आवाजात म्हणाली, "साहेब, हे माझे मालक. यांना दिसत नाही. तुमच्यापैकी कुणी एक माझ्या जागेवर बसलं तर फार उपकार होतील."

"तुमची जागा कुठं?" प्लेतोसुनं विचारलं.

"शेवटच्या रांगेत."

"शेवटच्या!" तिला महारोग आहे असं तिनं सांगितल्यासारखा तो मागं सरला. "संडासापाशी? बाई, मी ही जागा पैसे भरून घेतलीय. मला पोटाचा त्रास आहे. मागं फार हलतं."

"मग ताई येतील का?"

"माझी बायको? एकटी?" प्लेतोसु भडकला. निकानोरच्या डोक्यावरून हात नेत त्यानं बायकोच्या खुर्चीवर थाप मारली. "आम्ही नवरा-बायको आहोत! नवरा-बायकोला तुम्ही असं वेगळं करणार? काही माणुसकी आहे की नाही?"

निकानोरनं मान किंचित वर केली. "साहेब, तुम्ही दोघं जवळजवळ बसलाय म्हणता. मग मी कुठं बसलोय? तुमच्या लग्नात?"

दोन-तीन रांगा हसल्या. झेनोविया हसली नाही, पण तिनं डब्याचं झाकण लावलं.

मी राझ्वानला गाठलं. "हे बघ, सरळ आहे. शेवटच्या रांगेत हिच्या शेजारी मी आहे. आजोबांना माझ्या जागेवर ने. मी इथं बसते, या साहेबांच्या लग्नात. मला चालेल."

"नाही चालणार," राझ्वान म्हणाला. "दृष्टिहीन प्रवाशाला ठरलेल्या पुढच्या रांगांतच बसवायचं. सुरक्षेचा नियम आहे."

"आणि त्याच्या सोबतच्या माणसाला त्याच्या शेजारी बसवायचं, हा नियम नाही?"

"तो शक्य असल्यास आहे."

"शक्य कुणी करायचं?"

"प्रवाशांनी. आपापसात."

म्हणजे कळलं ना? नवऱ्याला मागं न्यायचं नाही, कारण नियम. बायकोला पुढं आणायचं नाही, कारण पैसे भरलेल्या माणसाचं पोट. पोरानं नियमाचं अर्धं पान पाठ केलं होतं, आणि उरलेलं अर्धं कंपनीनं बहुतेक छापलंच नव्हतं.

"काळजी करू नका," तो निकानोरला मोठ्यानं म्हणाला. आंधळ्याला ऐकूही कमी येतं असं वाटणाऱ्यांपैकी तो होता. "काही झालंच तर मी स्वतः तुमच्याकडं येईन."

"ये बाबा," निकानोर म्हणाला. "पण तेव्हा या विमानातले सगळे तुझ्या दाराकडं धावत येतील आणि तू एकटा उलटा माझ्याकडं. तुझी भेट व्हायची नाही मला."

राझ्वाननं घड्याळात पाहिलं. "बाई, जागेवर जा. पट्टा बांधा. दार बंद करायचंय."

तेव्हा सावेतानं जे केलं ते मी तिच्या जागी असते तर केलं नसतं. मी आरडाओरडा केला असता. तिनं पिशवी पायाशी ठेवली, निकानोरच्या पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "मी बसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उभी आहे. उभं राहून पोहोचेन."

"उभं राहून विमान उडवता येत नाही!"

"मग नका उडवू."

बाई केवढी? माझ्या खांद्याला लागते. डोक्याला रुमाल, अंगात मुलीनं दिलेला कोट, बाह्या दुमडलेल्या. पण ती उभी राहिली आणि अख्खं विमान अडलं.

आता आपल्या लोकांची गंमत बघा. पहिली काही मिनिटं सगळे हळहळले. बिचारी. बिचारा. काय ही कंपनी. एक बाई तर डोळे पुसत होती. पण "कुणी जागा देता का?" असं मी विचारलं की माना खाली आणि बोटं फोनवर. मग विमान हलेना तशी हळहळ आटली.

"काकू, बसा की आता! आम्हाला घरं आहेत!"

"नाटकं नुसती. अशांनी बसनं जावं."

गळ्यात सोन्याची साखळी घातलेला, मांडीवर कॉफीयंत्राचा खोका घेतलेला एक आडदांड गडी ओरडला, "उतरवा हिला! एकीसाठी सगळ्यांनी मरायचं काय?" आणि मघाशी डोळे पुसणारी बाई? तिनं तीनदा क्रूस केला, अगदी कपाळापासून पोटापर्यंत, सावकाश, आणि म्हणाली, "खरंच, उतरवाच."

राझ्वानचा आवाज चढला. "बाई, विमानात गोंधळ घातला म्हणून पोलिसांना बोलवावं लागेल."

"मी गोंधळ घालतेय?" सावेता म्हणाली. "माझा आवाज तरी येतोय का तुम्हाला एवढ्यांत?"

मग पुढचं दार उघडून कॅप्टन बाहेर आली. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर ढकललेला, चेहरा असा की रात्रभर कुणाशी तरी भांडून आलीय. प्लेतोसुनं तिला पाहिलं आणि बोट वर केलं. "मिस, जरा पाणी. आणि वैमानिकाला सांगा की इथं एक बाई..."

"वैमानिक मी आहे," ती म्हणाली. "पाणी नंतर."

ती कुणी देवदूत नव्हती, हे सांगायला हवं. तिनं निकानोरची विचारपूस केली नाही, सावेताच्या खांद्यावर हात ठेवला नाही. राझ्वानकडून सगळं ऐकून घेतलं, एकदा त्याच्याकडं असं बघितलं की त्याचे चापून बसवलेले केस उभे राहायचे बाकी राहिले, आणि मग मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या गृहस्थांची बायको त्यांच्या शेजारी नसेल तर मी विमान उडवत नाही. धूर झाला, काही झालं, तर यांना बाहेर कोण काढणार? तुम्ही? तुम्ही? थोड्या वेळात आमची उड्डाणाची वेळ निघून जाईल. मग माझी ड्युटीही संपेल. मग सगळे खाली उतरा आणि उद्या या. मला काही फरक पडत नाही. मी हॉटेलात झोपेन."

आणि आत जाऊन तिनं दार लावलं.

न्याय, दया, म्हाताऱ्यांचा मान, देवाचा आठवडा, यातल्या कशानं जे झालं नव्हतं ते "उद्या या" या दोन शब्दांनी झालं. जी तोंडं सावेतावर उघडली होती तीच प्लेतोसुवर वळली. मधे श्वास घ्यायलाही थांबली नाहीत.

"ओ साहेब, उठा की!"

"आंधळ्या माणसाची लाज नाही वाटत?"

साखळीवाला उभाच राहिला. "एकासाठी सगळ्यांनी मरायचं काय?" वाक्य तेच. फक्त माणूस बदलला.

प्लेतोसुचा चेहरा बिटासारखा झाला. "मी तक्रार करीन! मी कोण आहे माहीत आहे? मला रक्तदाब आहे!"

"मघाशी पोट होतं," निकानोर म्हणाला.

तेवढ्यात झेनोवियानं आपला पट्टा सोडला. बाई इतका वेळ खाली बघत होती. उठली, पर्स घेतली, सलामीचा डबा घेतला. "मी जाते."

"तू कुठं जातेस?" प्लेतोसु म्हणाला.

"मागं."

"एकटी?"

"एकटी."

"आणि डबा?"

"उपास आहे, ऑक्टाव," ती म्हणाली आणि चालू लागली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच. फुकट असतात.

सावेता निकानोरशेजारी बसली. त्यानं हात पुढं केला, तिनं आपली बाही त्याच्या मुठीत दिली.

झेनोविया माझ्या शेजारी आली. विमान वर गेल्यावर तिनं बूट काढून खुर्चीखाली सरकवले, वाइनची एक छोटी बाटली विकत घेतली आणि अर्धी मला ओतली. मी म्हटलं, उपास? ती म्हणाली, "सलामीचा. वाइनचा नाही."

थोड्या वेळानं आपणहून बोलू लागली. "नेहमी असंच करतो तो. खिडकी त्याची, वाट माझी. मधली खुर्ची रिकामी राहिली की तिथं त्याचा कोट ठेवतो, सुरकुत्या पडू नयेत म्हणून. त्याच्या कोटाशेजारी किती वर्षं बसतेय मी, माहीत आहे?" मग म्हणाली, "मागं काही फार हलत नाही हो." आणि तोंड उघडं टाकून झोपली. मी तिचे केस बघत बसले. घरी रंगवलेले होते, आणि मागच्या बाजूला हात पोहोचला नव्हता.

ती जागी झाली ती विमान टेकल्याच्या धक्क्यानं. चाकं टेकली, आणि लगेच एका बाजूनं बंदुकीसारखा आवाज झाला. विमान एका अंगावर कललं, घासत, थरथरत गेलं आणि धावपट्टीच्या मधेच थांबलं. जळक्या रबराचा वास आला. मग डाव्या खिडक्यांबाहेर धूर. कॅप्टनचा आवाज आला. मघासारखाच कंटाळलेला, पण शब्द मोजके: बाहेर पडा, सामान सोडा, लगेच.

सामान सोडा हे आमच्या लोकांना कुठल्या भाषेत सांगितलं म्हणजे कळेल ते मला अजून ठाऊक नाही. वरचे सगळे कप्पे एकदम उघडले. धूर आत यायला लागला होता आणि माणसं चीज शोधत होती. क्रूसवाली बाई माझ्यापुढं वाट अडवून एक पिशवी ओढत होती, आणि पिशवीचा बंद दुसऱ्याच्या पिशवीत अडकला होता, आणि ते दोघं एकमेकांना चोर म्हणत होते. झेनोवियानं त्या बंदावर असा दात रोवला की तो तुटला. बाई पिशवीसकट मागं पडली, उठली, आणि आम्ही तिला पुढं ढकलत मागच्या दाराबाहेर फुगलेल्या घसरगुंडीवर टाकलं. मग आम्ही.

पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही. सावेतानं नंतर सांगितलं आणि निकानोरनं त्यात आपली भर घातली.

सावेतानं आधी त्याचा पट्टा सोडला आणि मग आपला. तो तिचा कोट मागून धरून उठायला लागला. पण खिडकीतला प्लेतोसु त्यांच्या गुडघ्यांवरून चढून आधी वाटेत उतरला, बाहेर पडायला नव्हे, तर वरच्या कप्प्यातली बॅग काढायला. बॅग निघेना. तो दोन्ही हात वर करून वाटेत भिंतीसारखा उभा. मागं माणसांचा लोंढा.

"साहेब, सरका," सावेता म्हणाली.

"एक मिनिट! माझी कागदपत्रं आहेत!"

निकानोरनं आपली नेहमीची काठी पुढं केली आणि तिच्या टोकाला मऊ काही लागेपर्यंत रेटली. ते प्लेतोसुचं पोट होतं, ज्याचा त्याला त्रास होता. तो वाकला. सावेता त्याच्या हाताला लोंबकळली, सगळ्या वजनानिशी, जेवढं काय असेल तेवढं. बॅग सुटली आणि त्याच्याच डोक्यावर आली. तो खुर्चीत बसला. ती दोघं पुढं निघाली, आणि मागं अडलेला लोंढा त्यांच्या मागून.

दारात राझ्वान होता. त्याचं देणं त्याला द्यायला हवं, पोरगा जागचा हलला नाही. आवाज फाटलेला, डोळ्यांत पाणी, पण प्रत्येकाला पाठीवर हात मारून सोडत होता, आणि शेवटच्या माणसापर्यंत तिथंच उभा राहिला. तो ओरडत होता, "एकेक! उडी मारा! एकेक!"

आता ज्याला दिसतं त्याला कळतं की खाली घसरगुंडी आहे. निकानोरला एवढंच कळलं की पायाखालची जमीन संपलीय, तोंडावर वारा येतोय आणि एक पोरगा उडी मार म्हणून ओरडतोय. तो दाराच्या कडेला धरून घट्ट उभा राहिला. त्याचे हात पियानोवाल्याचे. ते कुणाच्या बापाला सुटले नसते.

"घसरगुंडी आहे, निकू," सावेता त्याच्या कानात म्हणाली. "शाळेतल्यासारखी. मी धरलंय."

"किती उंच?"

"उंच आहे."

"खोटं तरी बोलायचंस," तो म्हणाला आणि हात सोडला.

दोघं एकत्र खाली आली. खाली पोहोचताना तो तिच्या अंगावर पडला आणि तिचं मनगट मोडलं.

आग म्हणावी तशी नव्हतीच. अग्निशामकवाल्यांनी फेस मारला आणि संपलं. कुणी मेलं नाही. आम्ही सगळे गवतावर बसलो होतो. साखळीवाला यंत्राच्या खोक्यावर हात ठेवून होता, जणू यंत्रानंच त्याला आगीतून वाचवलं. प्लेतोसु सगळ्यात शेवटी आला. कपाळावर टेंगूळ, हातात बॅग. "झेनोविया! झेनोविया!" करत माणसांमधून फिरत होता, आणि खरंच घाबरला होता. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. झेनोविया माझ्याजवळच बसली होती, अनवाणी, पाय गवतात पसरून. तिनं त्याला दोनदा हाका मारू दिल्या. तिसऱ्या हाकेला म्हणाली, "इथं आहे." उठली मात्र नाही.

इस्पितळात सावेताच्या हाताला प्लास्टर घातलं. हाड जुळलं, पण जरा वाकडं जुळलं. आजही तिला ओला पिळा पिळता येत नाही. त्या ईस्टरला पास्का, म्हणजे सणाचा गोड पाव, तिच्या सांगण्यावरून मी भाजला, आणि आमच्या गल्लीत एवढा चपटा पास्का कुणी पाहिला नव्हता. निकानोरनं तो बोटांनी चाचपला आणि म्हणाला की तासिया, याच्यावरूनही विमान गेलंय का.

पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, सावेताला घरी सोडायच्या वेळी, कंपनीचा माणूस आला होता. मी तिथंच होते. टाय, चॉकलेटचा डबा आणि चेहऱ्यावर असं दुःख की जणू हात त्याचाच मोडलाय. आमच्या विमानातल्या कर्मचाऱ्यांनी किती तत्परता दाखवली ते त्यानं आधी सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढली.

"एक छोटीशी बाब, बाई. आमच्या सूचनांप्रमाणे घसरगुंडीवरून एका वेळी एकानंच उतरायचं असतं. दोघांनी एकत्र उतरणं धोक्याचं. तशी सूचना आमच्या कर्मचाऱ्यानं दिली होती. त्यामुळं ही जी दुखापत आहे ती..."

"आमच्या चुकीनं झाली," सावेतानं वाक्य पुरं केलं.

"मी तसं म्हणत नाही."

"म्हणा की," पलंगाच्या कडेला बसलेला निकानोर म्हणाला. "बरोबर आहे तुमचं. आम्हा दोघांना लांब ठेवायला तुम्ही किती झटलात! एक विमानाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. ऐकलं नाही आम्ही. आता भोगतोय."

माणसाला हसावं की नाही ते कळेना. त्यानं खिशातून एक पाकीट काढून सावेताच्या पांघरुणावर ठेवलं. पुढच्या प्रवासात आवडीची जागा निवडायची सवलत, कंपनीकडून, सदिच्छा म्हणून. मी उघडून वाचलं.

"हे एकाच माणसाचं आहे," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "जखमीमागं एक, असं धोरण आहे. म्हणजे... ते मी विचारून बघतो."

सावेतानं त्याच्याकडं मान वळवली. मला वाटलं आता काही तरी जबरदस्त बोलणार. मी तर वाटच बघत होते, माझ्या मनात तयार असलेलं तिला उसनं द्यायलाही तयार होते.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "तुमचे दोन्ही हात बरे आहेत ना?"

"हो... का?"

"मग यांच्या बुटांच्या नाड्या बांधा. रोज मी बांधते. आज मला जमायचं नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. नर्स दारात थांबली होती, ती आत आली नाही. निकानोरनं पाय पुढं केला. शेवटी त्या माणसानं टाय शर्टात खोचला, फरशीवर गुडघा टेकला आणि बांधायला लागला.

"घट्ट," निकानोर म्हणाला. "आणि दुहेरी गाठ. ढिली राहिली तर जिन्यावर मी पडेन, आणि मग तेही माझ्याच चुकीनं."